सलीमभाईनं पोहत नेलेलं टेंडर

नागभीडच्या सलीमभाईले तुम्ही मिस्त्री म्हणून ओळखता, पण मी त्या माणसाले पुराच्या नाल्यात पाह्यलं आहे.

एटापल्लीच्या पंचायत समितीत शाळेच्या बाकांचं टेंडर निघालं होतं. माझाही फर्निचरचाच धंदा. भरणारे आम्ही दोघं एकाच बसमध्ये होतो. पाकिटं दुपारपर्यंत द्यायची होती, अन् वाटेत नाल्याले पूर आला. बस थांबली. मले पोहता येत नाई. वर्षभराचं काम हातचं गेलं म्हणून मी काठावर बसून राह्यलो.

सलीमभाईनं आपलं पाकीट प्लास्टिकमध्ये गुंडाळलं अन् माझ्यापुढं हात केला. "तुमचंही द्या, भाऊ."

दोन्ही पाकिटं डोक्याले बांधून तो त्या गढूळ पाण्यात उतरला. तो पलीकडं लागेपर्यंत मी काठावरून पाहत होतो.

संध्याकाळी पाणी छातीइतकं उतरल्यावर तो परत आला. म्हणाला, "पाकिटं माझ्यासमोरच उघडली. तुमचा रेट कमी निघाला. काम तुम्हाले भेटलं."

मी विचारलं, "माझं पाकीट काऊन दिलं, भाई? पाण्यात सोडलं असतं तर कोणाले समजलं असतं?"

ओला शर्ट पिळत तो म्हणाला, "मग ह्या काठावर परत कोणत्या तोंडानं आलो असतो?"