पाणी कुणी थांबवलं?

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. काम चोख केलं, कुणाचं नुकसान केलं नाही, कुणाला वाकडा शब्द बोललो नाही – मग माणूस म्हणून आपलं कर्तव्य संपलं का? संपलं? लगेच माना डोलावू नका! मलाही उत्तर ठाऊक नाही. पोथ्या चाळल्या, त्यात सापडलं नाही. निदान मला तरी नाही. म्हणून गोष्ट सांगतो. माझा आवाज लहान. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा – संकोच माझ्याकडे पुरेसा आहे, तुम्ही नका करू!

तर ऐका. बोरजाई नावाचं गाव. गावाबाहेर माळावर एक विहीर, दोघांच्या सामाईक मालकीची. वरच्या अंगाला सावळाराम तात्यांचं भाजीपाल्याचं रान. तात्या एकटे. बायको देवाघरी, लेक सासरी. खालच्या अंगाला मल्हारीची अंजिराची बाग. मल्हारी तरुण, शेतकी शिकलेला. दोघांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. याची पाळी सरली की त्याची.

आणि पाळी बदलायची कशी? चालत जाऊन! मल्हारी वरच्या बांधावर जायचा. ‘तात्या, पाणी तुमचं!’ तात्या म्हणायचे, ‘बस की, चहा टाकलाय.’ आणि कधी तात्यांच्या रानातलं पाणी बांध फोडून खाली बागेत शिरलं की मल्हारी तरातरा वर! ‘तात्या, झोपलात काय? जास्त पाण्याने माझी अंजिरं फुटतील ना!’ तात्या शांत. ‘अंजिरं फुटू दे, तू नको फुटूस. चहा घे.’

दिवसभरात तात्यांशी बोलणारा माणूस तो एवढाच. मंडळी, काही घरांत चहा पिण्यासाठी नाही हो करत. कुणीतरी बसावं म्हणून करतात.

पुढे मल्हारीने डोकं चालवलं. बाजारात अंजीर दुपारपर्यंत मऊ पडायचं, व्यापारी नाक मुरडायचे. याने बागेचे फोटो मोबाईलवर टाकले. शहरातले लोक थेट मागणी नोंदवू लागले. पहाटे तोडणी, दुपारी गिऱ्हाइकाच्या दारात पेटी! आता तुम्हाला वाटेल, बुवा मोबाईलला नावं ठेवणार. नाही हो! मी स्वतः पुस्तकात तोंड खुपसून बसणारा. मी कोणत्या तोंडाने बोलू? पोराचं कौतुकच करा!

मग त्याने विहिरीवर यंत्र बसवलं. मोटार मोबाईलवरून चालू, मोबाईलवरून बंद. वेळ झाली की पाळी आपोआप बदलणार. बागेत ओल वाढली तरी मोबाईल सांगणार. तात्यांनी विचारलं, ‘म्हणजे आता तू बांधावर येणार न्हाईस?’

‘कशाला तात्या? तुमचेही हेलपाटे वाचले!’

‘हां... वाचले खरे,’ तात्या म्हणाले.

इथे जरा थांबतो. मल्हारी खोटं बोलला का? नाही. तात्यांचं नुकसान केलं का? थेंबभर पाणी कमी दिलं नाही! पण तात्या चहा दोघांपुरता टाकत राहिले. सवय, दुसरं काय.

एके दिवशी मल्हारी शहरात गेला, अंजिराच्या पेट्या घेऊन. इकडे दुपारी तात्यांची पाळी सुरू झाली. तात्या खोरं घेऊन वाफ्यात पाणी वळवत होते. पाय घसरला – आणि कंबरेचं हाड मोडलं! उठता येईना. मोबाईल घरात, कोनाड्यात. पाणी मात्र यंत्राचं, ते येतंच होतं. वाफा भरला, बांध ओलांडला, खाली बागेत शिरलं.

तिकडे मल्हारीचा मोबाईल वाजला. बागेत ओल वाढली! तो चिडला. ‘तात्यांचं लक्ष कुठे असतं!’ असं म्हणाला आणि बोट दाबलं. मोटार बंद. मल्हारीच्या मनाला किती बरं वाटलं! शहरात उभा राहून बाग वाचवली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फोन? फोन कशाला करायचा? काम झालं होतं ना!

सकाळी तो परतला आणि थेट रानात गेला. तात्यांना बघायला नाही हो – अंजिरं बघायला! तेव्हा वरच्या अंगाला त्याला आडवं पडलेलं खोरं दिसलं. आणि चिखलात, बांधाला पाठ लावून पडलेले तात्या. ओठ काळेनिळे, डोळे विहिरीच्या वाटेकडे.

तात्या वाचले. देवाची कृपा. पण ऐका, दवाखान्यात काय म्हणाले ते.

‘मल्हारी, काल पाळी सरायच्या आधीच पाटाचं पाणी एकदम थांबलं बघ. म्हटलं, आला! मल्हारी विहिरीवर आला. आता शिव्या घालत वर येतोय. मी हाका मारल्या. मग गप राहिलो – म्हटलं, वाटेत असशील. पण तू तर शहरात होतास. मग पाणी कुणी थांबवलं रे?’

मल्हारीची मान खाली. ‘मीच, तात्या.’

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, मंडळी! राग असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं –

‘मग आला का न्हाईस?’

लेक तात्यांना आपल्याकडे घेऊन गेली. घराला कुलूप लागलं, वरचं रान पडीक झालं. आता विहिरीचं सगळं पाणी मल्हारीला! अंजिरं जोरात आहेत. पाळी मात्र बदलत नाही, बदलणार कुणाशी? संध्याकाळी तो वरच्या बांधावर जाऊन उभा राहतो, म्हणतात.

मंडळी, त्या यंत्राचा दोष मला तरी सापडत नाही. मी तुम्हाला विचारतो – बसल्या जागेवरून तुम्ही काय काय थांबवलंत? कुणाचं बोलणं? कुणाचं भांडण? आणि पलीकडे कुणी ‘आला, वाटेत असेल’ म्हणून पडून राहिलंय का? उद्या फोन करीन म्हणू नका. जा! भांडायचं असेल तर भांडायला जा, पण जा!

आता टाळ घ्या, नामाचा गजर करू... नाही, थांबा. आधी ज्याला उठून जायचंय, त्याला वाट द्या.