ज्याचं त्याचं फोल्डर

मोंतेविदेओतल्या बेकरीच्या रांगेत नेलिदाबाईंचा डोळा ताज्या बिस्कोचो-पावांवर होता, कान मात्र पुढच्या दोघा प्रोग्रॅमरांकडे.

"एवारिस्तो, तुझी कोड-लायब्ररी बिल्ड करायच्या सूचना सुधारल्यास म्हणे?"

"सुधारल्या. ज्याने त्याने आपलं फोल्डर लिहायचं, तिथं माझंच पडलं होतं. लोक तसंच उतरवायचे आणि अडायचे. आता ठळक अक्षरांत 'इथे तुमचं फोल्डर' असा व्हेरिएबल टाकलाय."

"अरे शहाण्या, हेच ग्रिसेलने वर्षापूर्वी करून पाठवलं होतं ना?"

"हो."

"आणि तू चारचौघांत लिहिलंस, 'एवढंही कळत नाही, तर कोडच्या वाटेला जाता कशाला?'"

"ती पहिल्यांदाच काही पाठवतेय, हे मला काय ठाऊक!"

"आता तरी माफी माग."

"मागितली. दुरुस्तीखाली तिचंच नाव घातलं."

"मग?"

"म्हणाली, 'माझं नाव तेवढं पुसून टाक.'"