लॅबच्या सॉकेटमधली केबल

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आपले नेटवर्कवाले तारकाका, त्यांच्या शेजारी बसून घड्याळ बघणाऱ्या काकू, आणि नाश्त्याच्या वासाने वेळेवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. रेकॉर्ड विभागात चौदा वर्षं काढलेल्या बाईला तेवढी नुसता घसा साफ करायला लागतात.

काकांनी या इमारतीत काय केलं? आपल्याला एकमेकांपासून तोडलं! सगळ्या संगणकांच्या केबली जिथे जुळतात तो स्विच एकच, पण त्यात त्यांनी व्हीलॅनचे, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कचे, थर पाडले. बाहेरच्या मोठ्या थरात सगळे. आतल्या एका थरात लॅबवाले, त्यांनी आपसात खुशाल बोलावं. दुसऱ्यात आम्ही रेकॉर्डवाले, प्रत्येक संगणक एकटा. सर्व्हरपर्यंत जायचं, शेजारच्या टेबलाकडे ढुंकूनही बघायचं नाही. एका घरात राहून अबोला! नवरा-बायकोला त्यासाठी स्विच लागत नाही, ते सोडा.

मी तणतणत गेले. म्हटलं, "काका, आम्ही काय कैदी आहोत?"

"नाही बाई, तुम्ही निष्काळजी आहात."

एकदा तर थर बदलताना त्यांनी स्वतःलाच नेटवर्कबाहेर काढलं. तीन जिने धापा टाकत उतरले आणि स्विचला थेट लॅपटॉप लावून परत आत शिरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुष्टपणाच तो.

बारा वर्षांपूर्वी लॅबच्या नऊ संगणकांत व्हायरस शिरला, आठवतं? दोन दिवस रिपोर्ट हाताने लिहिले. लॅबच्या डॉक्टरांचं अक्षर लावताना वॉर्डातल्या डॉक्टरांना औषधवाल्याचं दुःख प्रथमच कळलं. चौकशी झाली. "रचनेत ढिलाई" असा मेमो काकांना मिळाला आणि विभागप्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली. ढिलाई? तारकाकांची?

अध्यक्ष महोदय, तो व्हायरस मी नेला.

भाचीच्या वाढदिवसाचे फोटो मला रंगीत छापायचे होते. रंगीत प्रिंटर लॅबच्या थरात, आणि लॅबचं एक सॉकेट माझ्या खुर्चीमागच्या भिंतीत. माझी केबल उपटली आणि तिकडे खोचली. थर सॉकेटवर ठरतो, माणसावर नाही. त्या क्षणी मी लॅबवाली झाले, आणि माझ्या पेनड्राइव्हमधला व्हायरसही.

माझा संगणक कुठल्या सॉकेटवर दिसला, हे काकांनी स्विचवर पाहिलं. माझ्या टेबलाशी आले, केबल जागेवर लावली. तेव्हा माझी नोकरी कायम नव्हती, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. ते एवढंच म्हणाले, "फोटो बरे आलेत. परत असं करू नका." आणि चौकशीत दोष स्वतःवर घेतला. मी गप्प बसले. मला लाज वाटते हो. काका, मान खाली घालू नका, ती मी घालायची आहे.

साहेब, काकांच्या सेवापुस्तकात तो मेमो अजून आहे. आज त्यावर निवृत्तीची सही करण्याआधी मेमोतलं नाव बदला. माझा लेखी जबाब या पाकिटात आहे.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. केबलचं मात्र घालू नका. ते बारा वर्षं काकांनी घातलंय.