तेच की!

कळंबच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या लीलाबाईंच्या मागच्या बाकावर बाप-लेक येऊन टेकले. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचा कान आपसूक मागं गेला.

"निकिता, ती जर्मनीची शाळा आता काय म्हणती?"

"जन्मदाखल्यावर गाव उस्मानाबाद, पासपोर्टवर धाराशिव. दोन्ही एकच असल्याचं सरकारी पत्र शुक्रवारपर्यंत मागितलंय. न्हायतर प्रवेश रद्द."

"मग ऱ्हाऊ दे की. ते डेटा ॲनालिटिक्स पुण्यात बी असंल."

"असंल. पर पाच वर्षं आपल्या शेळ्यांची वजनं वहीत कुणी लिहिली, अण्णा? त्याच आकड्यांवर त्यांनी मला निवडलंय. मी जाणारच."

"अन् आज कलेक्टर हापिसात पत्र देणारा साहेबच नसला तर?"

"डबा घेतलाय. येईस्तोवर दारात बसंन."

"दोघांचा घेतलास का?"

"तुमी बी बसणार?"

"मग! वजनाला शेळ्या कुणी धरल्या?"

तेवढ्यात गाडी लागली. लीलाबाईंनी पिशवी उचलली. मागं अण्णांची गडबड उडाली.

"ऊठ, ऊठ, उस्मानाबादची लागली!"

"धाराशिवची, अण्णा."

"तेच की गं!"

"व्हय. तेवढंच लिहून आणायचंय."