या आठवड्यात सापडलं: आई

निरीत: पप्पा, देवाला आईचा आवाज आवडत नाही, हे तुम्हाला नक्की कोणी सांगितलं?

सॉलोमन: काय?

निरीत: विचारलं एकदाचं! आई, ऐकलंस ना? तू साक्षीदार. खालची समृद्धी आणि निशा मला म्हणाल्या, तुझी हिंमतच होणार नाही. पाणीपुरीची पैज आहे.

बथशेबा: त्यांना जेवू दे गो आधी. आत्ता तर सगळे सिनेगॉगमधून चालत आलोय, एवढ्या उन्हाचे.

सॉलोमन: नाही, बोलू दे तिला. शनिवारी, ऐन शब्बाथच्या दिवशी पैज लावून बापाला प्रश्न?

निरीत: पैज गुरुवारी लागली. आज फक्त विचारला.

सॉलोमन: देवाला आवडत नाही असं कोणीही म्हटलेलं नाही. पुरुषांसमोर बायकांनी गाऊ नये, एवढंच रब्बींनी धर्माच्या शिबिरात समजावून सांगितलं. नियम आहे तो.

निरीत: दोन वर्षांपूर्वी आलेला नियम! त्याआधी प्रत्येक मलिद्याच्या विधीला आईच प्रेषित एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायची. मधे गोड पोह्यांचं ताट, भोवती सगळे, आणि आई सुरू झाली की चिडीचूप. तुम्ही तर डोळे मिटायचात.

सॉलोमन: तेव्हा आपण शनिवारी टीव्हीही बघायचो. चूक होती, सुधारली.

बथशेबा: कालवण घ्या. गार आहे, पण आज गॅस पेटवायचा नाही.

निरीत: किती वाजले?

सॉलोमन: बारा वाजायला आले. का?

निरीत: काही नाही. म्हणजे आहे. पप्पा, माझा ब्लॉग माहितीये ना, 'या आठवड्यात सापडलं'?

सॉलोमन: ते इंटरनेटवरचं गाण्याबिण्याचं.

निरीत: गाणी, देव आणि सिनेमा! दर आठवड्याला पाच भन्नाट गोष्टी शोधते मी. या वेळी उरणच्या एका कोळी बँडने आरतीला लावलेली सिनेमाची चाल आहे. आफ्रिकेतल्या चर्चमध्ये तेलाच्या डब्यांवर धरलेला ठेका आहे. एका कव्वालाची नात गिटार घेऊन गाते, ती आहे. सुपरहिरोची आरती लिहिणारा एक मुलगा आहे, वेडा! आणि पाचवी, आई.

बथशेबा: पाचवी कोण?

निरीत: तू! परवा पोहे धूत होतीस आणि तेच गाणं म्हणत होतीस ना? मी दाराआडून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. अख्खं. आज बारा वाजता पोस्ट आपोआप जाणार.

सॉलोमन: काढ ते. आत्ताच्या आत्ता.

निरीत: नाही काढता येत. शब्बाथ आहे. काल मेणबत्त्या लावायच्या आधी कॉम्प्युटरवर तुम्हीच चादर घातलीत.

सॉलोमन: म्हणजे तू मुद्दाम...

निरीत: मुद्दामच! शुक्रवारी टाकलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत काढायला लावलं असतंत. आज संध्याकाळी तारे दिसेपर्यंत या घरात कोणी माउसला हात लावणार नाही. तोवर सगळे ऐकतील. सिरियसली, काय प्लॅन आहे ना?

(कपाटात मोबाइल वाजू लागतो. तिघंही कपाटाकडे बघतात. कोणी उठत नाही.)

सॉलोमन: काल बंद करायचा राहिला.

निरीत: बारा वाजून गेले! पोस्ट गेली!

बथशेबा: कोण असेल?

सॉलोमन: कोण म्हणजे? ज्याने ऐकलं तो.

निरीत: पण आपल्यातले आज फोन करणार नाहीत, पप्पा.

सॉलोमन: सगळे पाळत नाहीत. तेच तर म्हणतोय मी. पनवेलमध्ये आपले बेने इस्राएल ज्यू उरलेत किती? अर्धे इस्राएलला गेले, उरलेल्यांना नोकऱ्या. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला मी दर शुक्रवारी खारघरपासून कळंबोलीपर्यंत विनवण्या करतो. आज नऊच आलो. अर्धी प्रार्थना सोडून द्यावी लागली. नियम घट्ट धरला तरच इथे काही टिकेल, बाळा.

निरीत: आई होती की आज. मी होते. आम्हाला धरलं असतं तर अकरा झाले असते.

सॉलोमन: असं मोजत नाहीत.

निरीत: तेच तर!

बथशेबा: परत वाजतोय. थोडं वाजून थांबतो, मग पुन्हा. इलान असाच करतो.

निरीत: इलानमामा! इस्राएलहून, अश्दोदवरून! तो काही पाळत नाही, शनिवारी समुद्रावर जातो, तो ऐकणारच. आई, किती खूश झाला असेल!

बथशेबा: तिसऱ्या कडव्यात मी थांबले होते.

निरीत: मग काय झालं, तेच तर सगळ्यात...

बथशेबा: रडत होते मी, निरीत.

निरीत: मला वाटलं, शब्द विसरलीस.

बथशेबा: माझ्या आईचं गाणं ते. तिला मातीत ठेवून आलो, त्या दिवसापासून इलान आणि मी एकमेकांसमोर त्या गाण्याचं नावसुद्धा काढलेलं नाही. आणि आता तो तिकडे वाळूत बसून माझं रडणं ऐकतोय. तुझ्या त्या सुपरहिरोच्या आरतीनंतर.

निरीत: थांब. मी काढते. पप्पा, फक्त दोन मिनिटं...

सॉलोमन: नाही.

निरीत: पण आता मलाच काढायचंय!

सॉलोमन: मलाही. म्हणून काय झालं?

निरीत: खाली समृद्धीला पासवर्ड सांगून येऊ? ती करेल.

सॉलोमन: दुसऱ्याच्या हातून करवलं तरी ते आपणच केलं. चादर संध्याकाळी निघेल.

बथशेबा: वा! दोघं अगदी एकमेकांवर गेलात. यांनी गप्प बस म्हणताना मला विचारलं नाही. तू जगाला ऐकवताना विचारलं नाहीस.

सॉलोमन: बथशेबा, तू कधी काही बोलली नाहीस.

बथशेबा: तुम्ही त्या दिवशी शिबिरातून आलात, चप्पल काढता काढता मला सांगितलंत आणि आंघोळीला गेलात. कोणाशी बोलणार होते मी?

निरीत: सॉरी, आई.

बथशेबा: फोन थांबला.

सॉलोमन: संध्याकाळी त्याला लाव. मी... मी बाहेर बसेन हवं तर.

निरीत: आई, एक विचारू? खरंच विचारतेय, नाही म्हणालीस तरी चालेल. तिसरं कडवं मला शिकवशील?

बथशेबा: आज?

निरीत: आज लिहून घेता येणार नाही, रेकॉर्ड करता येणार नाही. पाठच करावं लागेल.

बथशेबा: माझ्या आईने असंच शिकवलं होतं. भाकऱ्या थापताना. ये. आधी ताठ बस, पोक काढून गाता येत नाही.

सॉलोमन: मी इथे जेवतोय.

निरीत: हो, म्हणून दोघांना एकदमच सांगते. तारे दिसले की आईचं गाणं मी काढणार. मामाला काय सांगायचं ते आई ठरवेल, मी मधे येणार नाही. पण पुढच्या मलिद्याला ताटासमोर मी उभी राहणार आणि ते म्हणणार, सगळ्यांसमोर, तिन्ही कडवी. माझं मी ठरवलंय. पप्पा, तुम्हाला ऐकायचं नसेल तर जिन्यात जाऊन बसा. दार उघडंच ठेवते.