कुंतीचा पहिला वास

मंडळी, ऐका — आणि मनाशी खरं उत्तर द्या! देवाला वाहायचं फूल आधी हुंगलं, तर पाप लागतं की नाही? हं, माना हलल्या! लागतं म्हणता? मग चला आंबेखोलच्या विसूभाऊ पोंक्ष्यांकडे!

विसूभाऊंच्या अंगणात कुंतीचं झाड. बहर यायचा तो एकदम — सकाळी झाड पांढरंशुभ्र, उन्हं चढली की खाली सडा! आणि विसूभाऊ नाकाला उपरणं बांधून फुलं तोडणार! चुकून वास आला तर? वाटेनं जाणाऱ्यालाही दटावायचे — "श्वास धरून जा रे!"

त्यांच्या बायकोला, सगुणाकाकूंना मात्र वर्षभर कसलाच वास येत नव्हता. तापात नाक गेलं ते गेलंच. आमटी करपायची, त्यांना पत्ता नाही. विसूभाऊ मुकाट जेवायचे. हसता काय? यालाच संसार म्हणतात!

एके सकाळी काकू ओटीवरून ओरडल्या, "अहो! कसला हो वास?"

विसूभाऊंची परडी हातातच थांबली. "वास? अगो, तुला?"

"कुंती! कुंतीच ही! एक झुबका द्या हो हातात."

"आधी पूजा —"

"पूजेला तुम्हांला बारा वाजतात! तोवर झाड रिकामं. आणि नाक परत गेलं म्हणजे?"

पेच बघा! इकडे देव, तिकडे बायको — दोघांशीही वैर परवडत नाही! तेवढ्यात एक मधमाशी आली. ना सोवळं, ना आचमन — खुपसलं की डोकं फुलात!

"अगो, हिनं सगळंच उष्टं केलं!"

"तिला कुणी पाठवलं, ते विचारा तुमच्या देवाला," काकू म्हणाल्या.

विसूभाऊंनी उपरणं सोडलं. जन्मात पहिल्यांदा छाती भरून वास घेतला! मग काकूंच्या ओंजळीत झुबका ठेवला, आत गेले, आख्खा देव्हारा उचलून कुंतीखाली आणला अन् तिघं बसले. जपानात म्हणे चेरी फुलली की माणसं डबे घेऊन झाडाखाली बसतात. आपल्याकडे बसलं, तर विचारतात — बरं नाही का?

वारा सुटला. पाकळ्या पडल्या — देवावर, काकूंच्या केसांत, विसूभाऊंच्या टकलावर! आधी कुणावर? वाऱ्यानं विचारलंच नाही!

आता तुम्ही बोला, माना हलवणाऱ्यांनो! आई गोष्ट सांगतेय — नंतर! नात हाक मारतेय — नंतर! अहो, देव थांबतो. बहर थांबतो का? घरी कुणी वाट बघत असेल, तर उठा. आरती मी एकटा म्हणेन!

...अरे, सगळेच उठलात? थांबा, थांबा — मीही येतो!