शर्वाणीला दे!

मंडळी, पूर्वरंगात त्यागाचं पुष्कळ झालं. आता सरसावून बसा, कारण आजचं आख्यान राजाचं नाही आणि राक्षसाचंही नाही. आख्यान आहे बास्केटबॉलचं! — हसा, हसा! आमचे पेटीवाले केशवरावसुद्धा हसले, म्हणजे आज पाऊस पडणार!

पण आधी प्रश्न. एखादं माणूस असतं बघा, सगळ्यांत गुणी आणि सगळ्यांत महाग! त्याला ठेवायचं की जाऊ द्यायचं? ठेवावं, तर बाकीच्यांच्या तोंडचा घास जातो. सोडावं, तर जीव तुटतो. काय करायचं? — अहो खांबाला टेकलेले काका, सांगा ना! नाही सांगता येत? धामणखेडच्या अण्णा बेलापुऱ्यांनाही येत नव्हतं. ऐका तर!

धामणखेडात मारुतीचं देऊळ. देवळाच्या मागं व्यायाम मंडळाचं मैदान. मैदानाला दोन खांब, खांबांवर लोखंडी कडी, कड्यांना जाळी — आणि जाळीला बूडच नाही! माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, "अगं, फाटक्या पिशवीत चेंडू टाकून मिळतं काय?" म्हटलं, "आई, संसारात तरी दुसरं काय करतो आपण?" तर या मैदानावर पोरींचा संघ खेळायचा. शिकवायला लोहोकरे बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज मात्र अजून नोकरीत! आणि मंडळाचे अध्यक्ष अण्णा, साड्यांचे दुकानदार. माणूस दिलदार हो, पण हौशी! चौकात स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स एवढा मोठा लावायचे, की वळणावरची एसटी दिसायची नाही.

या संघात एक पोर निघाली, शर्वाणी ढमढेरे. उंच, चपळ. चेंडू हातात आला की मैदानाचा नूर पालटायचा! झालं. शहरातल्या मोठ्या क्लबाचा निरोप आला, "आमच्याकडे ये, मानधन देऊ."

अण्णा पेटले! "आपल्या मारुतीची पोर शहरात जाणार? मानधन मी देतो! बूट देतो, खुराक देतो!" दिलं हो, सगळं दिलं! पण ते आणलं कुठून? — बाकीच्या पोरींना सरावानंतर दूध-अंडी मिळायची, ती बंद. नवे बूट बंद. पण पोरी? आपली मैत्रीण राहतेय, यातच खूश होत्या बिचाऱ्या.

आणि मग अण्णा खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसायला लागले. एवढा खर्च केलाय, तो वसूल नको व्हायला? सामना सुरू झाला की ह्यांचं सुरू — "शर्वाणीला दे! ए गिरिजे, बघतेस काय, शर्वाणीला दे!"

गिरिजा म्हणजे संघातली सगळ्यांत बुटकी. कड्यासमोर एकटी मोकळी उभी असली तरी चेंडू शर्वाणीलाच द्यायची. सगळ्याच द्यायच्या. समोरच्या संघालाही कळलं ना! त्यांनी तिघी-तिघी शर्वाणीभोवती उभ्या केल्या. ती पडायची, उठायची, धापा टाकायची. बाकीच्या चौघी कंबरेवर हात ठेवून बघायच्या. संघ हरायला लागला. कट्ट्यावर कुजबुज झाली, "पांढरा हत्ती पोसलाय अण्णांनी." संघ कसाबसा फायनलपर्यंत पोचला, तेव्हा अण्णांनी जाहीर केलं, "जिल्ह्याची फायनल जिंकली तर शर्वाणी राहील. नाही तर जाऊ दे तिला."

शर्वाणी लोहोकरे बाईंकडं आली. डोळे भरलेले. "बाई, मीच जाते. माझ्यापायी पोरींचं दूध तुटलं. पण खरं सांगू? मला नाही हो जायचं!"

बाई म्हणाल्या, "जायचं वाटेल तेव्हा जा. पण 'मी ओझं झाले' म्हणून जाऊ नकोस." बोलल्या खऱ्या, पण पुढं काय करायचं ते बाईंनाही सुचेना.

आता मंडळी, त्या देवळाची एक रीत होती. शनिवारची आरती झाली की सगळे रांगेत बसायचे, शिऱ्याचे द्रोण हातोहात पुढं जायचे. आपला द्रोण आपण उचलायचा नाही. शेजारच्यानं दिला तरच आपला. आणि एकदा दिलेला परत घ्यायचा नाही! फायनलच्या आधीचा शनिवार. बाई बघतात तर काय — गिरिजानं आपला द्रोण शर्वाणीपुढं ठेवला. दुसरीनं ठेवला, तिसरीनं ठेवला. शर्वाणीपुढं द्रोणच द्रोण!

"अगं, हे काय?"

गिरिजा म्हणाली, "बाई, तिला खायला हवं. परवा तिला खेळायचंय."

ऐकलंत? तिला खेळायचंय! आणि तुम्ही चौघी काय करणार गं? आरती ओवाळणार?

आपला संघ कुठं अडलाय, ते बाईंना त्या द्रोणांत दिसलं. म्हणाल्या, "शर्वाणी, रांग तुझ्यापाशी थांबलीय बघ. दे पुढं!" तिनं एकेकीच्या हातात द्रोण ठेवला. गिरिजा परत करायला लागली, तशी शर्वाणीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "दिलेला परत घेत नाहीत. खा मुकाट्यानं!"

फायनल! एका गुणानं मागं, शेवटचे काही क्षण उरलेले. चेंडू शर्वाणीकडं. तिघी तिच्यावर तुटून पडल्या. अण्णा खुर्चीवर चढले — बसायची खुर्ची हो, चढायची नव्हे! — "मार, शर्वाणी, मार!" आणि शर्वाणीनं काय केलं? चेंडू गिरिजाला दिला!

गिरिजा सवयीनं चेंडू परत फेकायला वळली, तर शर्वाणी समोर उभी. दोन्ही हात पाठीमागं!

गिरिजानं श्वास घेतला. उडी मारली. चेंडू निघाला, कड्यावर बसला, गोल फिरला, फिरला — बोला, बजरंगबली की जय! — आणि बाहेर पडला.

टाळ्या काय वाजवता? हरल्या!

पण थांबा. चेंडू बाहेर आला तेव्हा इतके दिवस कंबरेवर हात ठेवणाऱ्या त्या पोरी, सगळ्या एकदम त्याच्यावर झेपावल्या होत्या! शिट्टी झाली तेव्हा पाचही जणी जमिनीवर एकमेकींवर पडलेल्या. गिरिजा रडतेय, "मी घालवलं गं!" आणि शर्वाणी तिला गदागदा हलवतेय, "पण तू मारलास! मारलास ना!"

अण्णा तणतणत आले. "बाई, संपलं! एवढं करून ठेवली, आणि काय मिळालं?"

लोहोकरे बाई शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही एकीला ठेवलंत आणि चौघींना घालवलंत. आज त्या परत आल्या. आता हिला घालवू नका."

अण्णा त्या जमिनीवरच्या पोरींकडं बघत राहिले. एकीचा बूट तळापासून उघडा पडला होता, तो त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. डोळे पुसले हो त्या माणसानं.

त्या साली चौकात अण्णांचा फ्लेक्स लागला नाही. वळणावरची एसटी दिसायला लागली! मैदानावर पाचही जणींना दूध आलं, बूट आले, आणि शर्वाणी राहिली. अण्णांची खुर्ची मात्र बाईंनी कुलुपात टाकली. शनिवारी अण्णा पोरींच्या रांगेत शेवटी येऊन बसले. गिरिजानं त्यांच्या हातात द्रोण दिला. आणि पुढच्या साली? ते तुम्ही धामणखेडला जाऊन विचारा. मारुतीच्या पायाशी ढाल ठेवलीय.

मंडळी, आता हसू आवरा. तुमच्या घरातली शर्वाणी कोण? जो पोरगा हुशार, त्याच्याच ताटात तूप, आणि घराचं सगळं ओझंही त्याच्याच खांद्यावर! जी सून हाताला चांगली, तिलाच हाका! आणि कोपऱ्यातल्या गिरिजाला शेवटचं कधी म्हणालात, "हे तू कर"? चुकेल ती. पहिला चेंडू बाहेरच जाईल! पण उडी तर मारेल!

तर ठेवायचं की सोडायचं? ठेवा हो, जीव लावून ठेवा. पण रांग त्याच्यापाशी थांबवू नका.

आता आरती. आणि आज प्रसाद धामणखेडच्या रीतीनं! आपला आपण उचलायचा नाही, शेजारच्याला द्यायचा. घरी जाल तेव्हाही असंच करा. एखादं काम घरातल्या सगळ्यांत मागं राहिलेल्याच्या हातात द्या. तो घाबरून परत द्यायला लागला —

तर हात पाठीमागं घ्या!